पाइप फिटरचा मेसोथेलिओमा: पहिल्या केसपेपरपासून भरपाईच्या अर्जापर्यंत

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात साठीच्या माणसाच्या छातीत एका बाजूला पाणी झाले की पहिला संशय टीबीचा येतो. तो गैर नाही. आपल्याकडे छातीतल्या पाण्याचे नेहमीचे कारण टीबीच असते. पण त्या माणसाने वीस-पंचवीस वर्षे साखर कारखान्यात, फाउंड्रीत, कागद गिरणीत किंवा जहाजावर फिटरकी केली असेल आणि काढलेले पाणी दोन-तीन आठवड्यांत परत भरत असेल, तर सहा महिने टीबीच्या गोळ्या खात वाट बघणे परवडणारे नाही. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा, कधी पोटाच्या आतल्या आवरणाचा कर्करोग. त्याचे मुख्य कारण एकच, ॲस्बेस्टॉसचे तंतू. ते श्वासावाटे आत गेल्यापासून आजार वर येईपर्यंत वीस ते पन्नास वर्षे जातात, आणि निदानानंतर बहुतेक रुग्णांच्या हातात वर्ष-दीड वर्ष उरते. भरपाईची सगळी तयारी या अवधीत करावी लागते. त्यातला सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे त्या माणसाची स्वतःची जबानी. ती तो बोलू शकतो तोवरच मिळते.

संपर्क नेमका कुठे आला

"ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होता का?" असे विचारले की फिटर "नाही" म्हणतो, आणि तो खरेच बोलतो. त्याला ॲस्बेस्टॉस या नावाने कधी भेटलेच नाही. भेटले ते लॅगिंग (वाफेच्या पाइपवरचे उष्णता रोखणारे वेष्टन), दोरी, शीट आणि पॅकिंग म्हणून. म्हणून प्रश्न कामाचा विचारा.

हिरण्यकेशी, घटप्रभा, कृष्णेच्या काठच्या साखर कारखान्यांत गळीत संपले की ओव्हरहॉलिंग सुरू होते. स्टीम लाइनवरचे जुने लॅगिंग फोडायचे, फ्लँज, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकत्या, उघडायच्या, व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणारी जागा, नव्याने भरायची. जुन्या काळचे पांढरे मॅग्नेशिया लॅगिंग साधारण ८५ टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट आणि १५ टक्के ॲस्बेस्टॉसचे असे. वर्षानुवर्षे तापून ते इतके ठिसूळ होते की हातोडीचा एक टोला बसला तरी पिठासारखे उडते. फ्लँजला चिकटलेले जुने गॅस्केट (सांध्यात बसवायची गळतीरोधक चकती) निघत नाही म्हणून फिटर ते पटाशीने खरवडतो, मग वायर ब्रश मारतो, शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकतो. ही तीन कामे तोंड फ्लँजपासून हातभर अंतरावर ठेवून होतात. नवे गॅस्केट कापायला सीएएफ शीट (दाबून बनवलेला ॲस्बेस्टॉसचा पत्रा) फ्लँजवर धरून कडेने हातोडी मारायची, बोल्टची भोके पंचाने पाडायची. या शीटमध्ये निम्म्याहून जास्त ॲस्बेस्टॉस असे. ग्लँडमधली ग्रॅफाइट लावलेली दोरी हुकाने उपसताना तिचा भुगा होतो. पाणीपुरवठ्याच्या कामात एसी पाइप, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप, करवतीने किंवा ग्राइंडरने कोरडा कापला जायचा.

हेल्परला विसरू नका. खाली पडलेला चुरा झाडणारा तोच. आणि घरच्या बाईलाही विसरू नका. धुळीने पांढरे झालेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याची नोंद जगभर आहे. मात्र कामगार भरपाईचा कायदा नोकरी करणाऱ्यापुरताच आहे. अशा घरच्या माणसाला दिवाणी दाव्याची वाट धरावी लागते आणि ती बरीच लांबची आहे.

पहिल्या केसपेपरवर काय लिहून घ्यायचे

कागद नीट व्हायला इथून सुरुवात होते, आणि सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच पांगळी होतात. डॉक्टर विचारतात, "काय काम करता?" घरचे सांगतात, "आता रिटायर आहेत, शेती बघतात." केसपेपरवर "शेतकरी" लागते. दोन वर्षांनी सुनावणीत मालकाचा वकील तोच कागद पुढे करतो.

म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी एका पानावर तक्ता करा. वर्ष कोणते ते कोणते, कारखाना किंवा ठेकेदार कोण, काम काय, हाताखाली कोणता माल, बंद जागेत की उघड्यावर, तोंडाला काही बांधायला मिळायचे का. तो डॉक्टरांच्या हातात द्या आणि नम्रपणे सांगा की व्यवसायाच्या इतिहासात एवढे लिहा: "पाइप फिटर, अमुक ते अमुक वर्षे, स्टीम लाइनचे लॅगिंग व गॅस्केटच्या कामात ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी संपर्क." डॉक्टर ते इंग्रजीत लिहितील, चालेल. डिस्चार्ज कार्डावरही तेच उतरले आहे का ते घरी निघण्यापूर्वी वाचून घ्या.

बिडीचा प्रश्न हमखास येतो, निपाणीच्या आसपास तर येणारच. खरे ते सांगा, लपवू नका. धूम्रपानाने मेसोथेलिओमा होत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात ॲस्बेस्टॉस आणि बिडी मिळून धोका कितीतरी वाढवतात, पण मेसोथेलिओमाच्या दाव्यात "हा बिडी ओढायचा" हे उत्तर टिकत नाही. लपवलेली बिडी मात्र साक्षीची पत घालवते.

निदान पक्के करून घेणे

छातीतले पाणी तपासून "कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत" असा रिपोर्ट आला म्हणून मेसोथेलिओमा नाही असे होत नाही. पाण्याच्या तपासणीत तो अनेकदा निसटतो. एडीए (टीबीच्या संशयात पाण्यात तपासतात ते एन्झाइम) वाढलेला आला तरी तेवढ्यावर टीबी ठरत नाही, कारण मेसोथेलिओमातही तो कधीकधी वाढतो. सीटी स्कॅननंतर आवरणाचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे थोरॅकोस्कोपीने (छातीत दुर्बीण घालून) किंवा सीटीच्या मदतीने बायोप्सी, हाच खात्रीचा मार्ग.

तुकड्यावर आयएचसी तपासणी लागते, म्हणजे रंग देऊन पेशींवरची विशिष्ट प्रथिने (मार्कर) ओळखणे. मेसोथेलिओमात कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६, डी२-४० हे मार्कर सहसा पॉझिटिव्ह येतात. टीटीएफ-१ आणि सीईए हे फुफ्फुसाच्या कर्करोगाकडे बोट दाखवणारे मार्कर निगेटिव्ह येतात. दोन्ही बाजूंचे किमान दोन-दोन मार्कर रिपोर्टमध्ये असावेत. नुसते "मॅलिग्नन्सी" लिहिलेला रिपोर्ट भरपाईला पुरत नाही. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून लेखी मागून जपा, दुसरे मत त्यावरच घेतले जाते. सीटीत आवरणावर चुन्यासारखे चट्टे म्हणजे प्लाक दिसले तर ते जुन्या संपर्काची खूण, रेडिऑलॉजिस्टला त्याचा स्पष्ट उल्लेख करायला सांगा. चट्टे नसले तरी संपर्क नव्हता असे ठरत नाही. जुने एक्स-रे गादीखाली पडले असतील तर ते शोधा.

तपासणी-उपचारासाठी बेळगावात बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे, पुढे हुबळी, गोव्यात बांबोळी, बंगळूरला किडवई, मुंबईला टाटा. कर्नाटकातल्या बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. खासगी दवाखान्यात जायचे तर आधी सरकारी दवाखान्याचे रेफरल घ्या. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना खुली केली आहे. कोल्हापूरला नेणार असाल तर दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राच्या टेबलावर गावाचे नाव आणि कागद दाखवून खात्री करा. दाखल झाल्यावर धावपळ होते आणि मंजुरी अडकते.

नोकरीचा पुरावा

तीस वर्षांपूर्वीचा ठेकेदार आज सापडत नाही, तरी खुणा उरतात. पीएफचा जुना खाते क्रमांक, वार्षिक स्लिप, ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड, ग्रॅच्युइटीचा आदेश, बोनसची पावती, गेटपास, आयटीआयचे प्रमाणपत्र, दसऱ्याच्या खंडेनवमीला मशीनपुढे काढलेला ग्रुप फोटो. बरोबर काम केलेल्या दोन-तीन सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे घ्या. त्यात "आम्ही एकत्र होतो" एवढेच नको. कोणती लाइन, कोणते लॅगिंग, कोण फोडायचे, धूळ किती, हे त्यांच्या शब्दांत हवे. सगळ्यांचा मजकूर एकसारखा टाइप केलेला असला की उलटतपासणीत तो कोसळतो.

प्रत्येक बॉयलरवर नोंदणी क्रमांक कोरलेला असतो. सोबत्यांपैकी कोणाला तो आठवत असेल किंवा फोटोत दिसत असेल तर बॉयलर खात्याच्या नोंदीतून त्याचे वय आणि जागा निघते.

कर्नाटकात कारखाने व बॉयलर खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज करून तपासणी अहवाल आणि व्यवसायजन्य आजारांच्या नोटिसा मागता येतात. फी १० रुपये, बीपीएलला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे आपल्या लोकांचे हटकून चुकते ते भाषेत. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे बेळगावच्या कार्यालयात कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी, आणि कोल्हापूरच्या कार्यालयात मराठी चालेल. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, जे नंतर येईल तोवर जपायची. एसी शीट वा एसी पाइप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी झाली असेल तर या निकालाचा हवाला देऊन नोंद लेखी मागा. नोंद दिली नाही, हेसुद्धा पुढे तुमच्याच बाजूने वापरता येते. त्याच निकालात आजार सिद्ध झालेल्या कामगाराला १ लाख रुपये द्यायला सांगितले होते, आणि तपासणीसाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था नेमली होती. तिचे दक्षिण विभागाचे केंद्र बंगळूरला आहे.

दावा कुठे आणि कशाखाली

पहिला प्रश्न: नोकरीत ईएसआय कापले जात होते का? कापले जात असेल तर दावा ईएसआयकडे. तिथे कायम अपंगत्वाचा किंवा वारसांचा मासिक लाभ मिळतो, आणि मग त्याच आजारासाठी कामगार भरपाई मागता येत नाही. जुन्या विमा क्रमांकाचे कार्ड हरवले असले तरी शाखा कार्यालयात नाव, कारखाना आणि वर्षे देऊन शोध घ्यायला लावा.

ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, भाग ब मध्ये, "ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा" अशी स्वतंत्र नोंद आहे. एका मालकाकडे सलग सहा महिने तसे काम केलेले असावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आहे आणि तिने या कायद्याची जागा घेतली आहे. आजार तिच्याही यादीत आहे. निदान त्या तारखेच्या आधीचे की नंतरचे, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा ते ठरेल.

नोकरीत असताना आजार झाला तर तो कामामुळेच असे कायदा धरून चालतो, उलट सिद्ध करायचे ओझे मालकावर. मेसोथेलिओमा मात्र बहुतेक वेळा निवृत्तीनंतर येतो. मालकाचा वकील सांगतो की नोकरी सुटून दोन वर्षांत लक्षणे दिसायला हवी होती. त्याचा रोख १९२३ च्या कायद्याच्या कलम १० वर असतो. १९२३ च्या कायद्यात त्याला उत्तर कलम ३(२) मध्ये आहे: नोकरी सुटल्यानंतर झालेला आजारही, तो त्याच कामातून झाला असे सिद्ध केले तर, अपघात मानला जातो. फक्त सिद्ध करण्याचे ओझे आता कामगारावर येते. वरचे सगळे कागद त्यासाठीच.

ठेकेदाराकडे होता म्हणून हक्क जात नाही. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ज्या कारखान्याच्या कामासाठी ठेका होता तो मूळ मालकही जबाबदार. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा.

त्याच कायद्याचे कलम २१ सीमाभागाच्या फार कामाचे. काम इचलकरंजीला, मुंबईच्या गोदीत किंवा गोव्यात केले असले तरी अर्जदार जिथे राहतो तिथल्या कमिशनरकडे, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. दर तारखेला शंभर-दोनशे मैल जायची गरज नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, महाराष्ट्रातल्या कारखान्याचे पत्र मराठीत असेल तर त्याचे कन्नड किंवा इंग्रजी प्रमाणित भाषांतर अर्जासोबतच जोडा, नाहीतर पहिल्या दोन-तीन तारखा त्यातच जातात.

मालकाला लेखी नोटीस लगेच द्या: नाव, पत्ता, कामाची वर्षे, आजार, निदानाची तारीख. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. अर्ज निदानापासून दोन वर्षांच्या आत करा. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो, आणि सहा महिने टीबीचे उपचार चालले हे असे एक कारण आहे. म्हणून तेही कागद जपा. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा आधी टाकला तर कमिशनरकडचा मार्ग बंद होतो. आधी ठरवा, मग सही करा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. औद्योगिक कामगार आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे कामगारालाही आणि त्याच्या मागे विधवेलाही.

जबानी आधी, सुनावणी नंतर

अर्ज दाखल करतानाच दुसरा अर्ज द्या: रुग्णाची प्रकृती खालावत आहे, त्याची साक्ष आत्ताच नोंदवावी. सोबत कर्करोगतज्ज्ञाचे पत्र जोडा. तोवर नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करून ठेवा, ते त्याच्याच मराठीत लिहा आणि भाषांतर जोडा. फिटर मराठीत "लॅगिंग फोडताना समोरचा माणूस दिसायचा नाही" असे सांगतो, तेव्हा त्याला जे वजन असते ते वकिलाच्या गुळगुळीत इंग्रजी वाक्याला येत नाही.

रक्कम किती

१९२३ च्या कायद्याचे सूत्र: पूर्ण कायम अपंगत्वाला मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, मृत्यूला ५० टक्के गुणिले तोच गुणांक. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये. गुणांक वय ५५ ला १३५.५६, ६० ला ११७.४१, ६५ आणि पुढे ९९.३७.

साठ वर्षांचा फिटर, पगार १५,००० किंवा जास्त: अपंगत्वासाठी ९,००० × ११७.४१ = १०,५६,६९० रुपये. मृत्यूसाठी ७,५०० × ११७.४१ = ८,८०,५७५. पासष्टीनंतर हेच ८,९४,३३० आणि ७,४५,२७५. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, म्हणून औषधाच्या दुकानाचे प्रत्येक बिल रुग्णाच्या नावाने घ्या. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

भांडण पगारावर होते. मालक १९९५ ची तीन हजारांची पावती काढतो. तुमच्या बाजूचा मुद्दा असा की अपघाताची तारीख म्हणजे आजार उघड झाला तो दिवस, म्हणून त्या दिवशीचा कुशल कामगाराचा किमान वेतन दर धरा. काहीही झाले तरी मृत्यूला १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वाला १,४०,००० यांच्या खाली रक्कम जाऊ शकत नाही. कमाईची क्षमता १०० टक्के गेली असे तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र मात्र हवे. बायोप्सीचा रिपोर्ट त्याची जागा घेत नाही.

कारखान्याचा माणूस घरी येऊन पन्नास हजार देतो आणि "आता काही मागणे नाही" अशी सही मागतो. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्द ठरतो, आणि मृत्यूची भरपाई कमिशनरकडे जमा केल्याशिवाय दिली असे धरत नाहीत. तरी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. ती रद्द करून घेण्यात वर्ष जाते.

नेटवर या आजाराचे नाव टाकले की अमेरिकेतल्या वकिलांच्या लाखो डॉलरच्या जाहिराती दिसतात. १९८२ मध्ये जॉन्स-मॅन्व्हिल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, त्यानंतर तिथे अशा कंपन्यांचे भरपाई ट्रस्ट उभे राहिले. ते पैसे त्या कंपन्यांच्या मालाशी संपर्क आला असेल त्यांच्यासाठी आहेत. साखर कारखान्यातल्या लॅगिंगवर तिथे दावा लागत नाही. अमेरिकन जहाजावर किंवा आखातात अमेरिकन कंपनीच्या रिफायनरीवर काम केले असेल तर मात्र सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक), जुने पासपोर्ट, करारपत्र टाकू नका, आणि आगाऊ फी मागणाऱ्या दलालाला काही देऊ नका.

माणूस गेला तर

दावा थांबत नाही. पत्नी, अज्ञान मुले, अविवाहित मुलगी, विधवा आई ही अवलंबित म्हणून पुढे येतात. मृत्यू दवाखान्यात झाला तर डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ भरतात, घरी झाला तर ४-अ. तिथे मृत्यूचे कारण म्हणून नुसते "हृदय बंद पडले" लिहिलेले असते आणि दावा त्या एका ओळीवर अडतो. मूळ कारणाच्या ओळीत मेसोथेलिओमा यायला हवे. घरी मृत्यू होणार हे दिसत असेल तर गावच्या डॉक्टरांना आधीच डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स देऊन ठेवा, म्हणजे त्या दिवशी त्यांना आठवणीवर लिहावे लागणार नाही.